डॅशबोर्डवर दिवे अनेक, दोष बहुधा एकच

लातूर-नांदेड रस्त्यावर जुन्या आलिशान फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या कोणत्याही मालकावर येऊ शकेल, असा हा प्रसंग आहे. चाकूर मागे पडलेले असते, अहमदपूर यायचे असते आणि पावसाची एक सर नुकतीच येऊन गेलेली असते. अचानक डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागतो. मागोमाग सस्पेन्शनमध्ये दोष असल्याची सूचना झळकते, मग गिअरबॉक्सची, मग उतारावर वेग आवरणाऱ्या यंत्रणेची. शेवटी पार्किंग ब्रेकचा दिवाही लुकलुकू लागतो. दोन मिनिटांत आपल्या पाच-सहा यंत्रणा निकामी झाल्याचे गाडी स्वतःच सांगू लागते.

मालकाच्या डोळ्यांपुढे लाखांचे बिल उभे राहते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये 'एका दिव्याला एक सुटा भाग' या हिशेबाने यादी तयार होते. एबीएसचे युनिट, सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर अशी ती वाढत जाते. काही मालक ही यादी पाहूनच गाडी मिळेल त्या भावात विकून मोकळे होतात.

वस्तुस्थिती मात्र बहुतेक वेळा या यादीच्या उलट असते. पाच स्वतंत्र यंत्रणा एकाच मिनिटाला बिघडण्याची शक्यता फार थोडी. त्या पाचही ज्या एका गोष्टीच्या आधारावर चालतात ती गोष्ट ढासळण्याची शक्यता पुष्कळ. ही गोष्ट म्हणजे वीज. बॅटरी, अल्टरनेटर, अर्थिंग आणि संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन बारीक तारा, एवढ्यांतच बहुधा उत्तर दडलेले असते. त्यामुळे अशा गाडीचे निदान दिव्यांच्या यादीपासून न करता, काही शे रुपयांत मिळणाऱ्या मल्टिमीटरपासून करायला हवे.

मराठवाड्यात आलेल्या गाड्या

२०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीझ खरेदी केल्या आणि मराठवाड्याची देशभर चर्चा झाली. त्याच्या दोन वर्षे आधी, जून २००८ मध्ये, टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर या कंपन्या सुमारे २.३ अब्ज डॉलरना विकत घेतल्या होत्या. २००९ मध्ये मुंबईत लँड रोव्हरची अधिकृत विक्री सुरू झाली. २०११ पासून पुण्यात फ्रीलँडर-२ ची जुळणी होऊ लागली. बीएमडब्ल्यू एक्स-५, ऑडी क्यू-७, मर्सिडीझ एमएल, फोक्सवॅगन तुआरेग, पोर्शे केयेन या गाड्याही साधारण याच काळात भारतातील श्रीमंतांच्या दारात दिसू लागल्या.

त्या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. नवी असताना ज्या गाडीला अर्धा कोटी किंवा त्याहून अधिक मोजावे लागत, ती पंधरा वर्षांनी एखाद्या नव्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते. पुणे, मुंबई किंवा हैदराबादच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून ती जिल्ह्याच्या गावी येते आणि एमएच-२४ किंवा एमएच-२६ या लातूर-नांदेडच्या पट्ट्यात फिरू लागते. खरेदीची किंमत उतरते, दुरुस्तीची उतरत नाही. सुटे भाग आजही मूळ किमतीच्याच तोलामोलाचे असतात. कंपन्यांची अधिकृत केंद्रे लांब आहेत. लातूरहून पुणे सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, तर नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे. गाडी बंद पडली तर ती ट्रकवर चढवून नेण्याचाच खर्च हजारोंत जातो.

त्यात सरकारी शुल्काची भर पडली आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. आयात केलेल्या चारचाकीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ४० हजार रुपये झाले. वीस वर्षांपुढच्या आयात गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते ८० हजार करण्यात आले. एवढे पैसे भरून टिकवलेली गाडी चुकीच्या निदानामुळे भंगारात जाणे मालकाला परवडणारे नाही, आणि गिऱ्हाईक तुटणे गॅरेजवाल्यालाही परवडणारे नाही.

जीपचा काळ आणि कॅनचा काळ

मराठवाड्यातील मिस्त्रींच्या दोन पिढ्या कमांडर जीप, ट्रॅक्स आणि ट्रॅक्टरवर हात बसवून तयार झाल्या. त्या गाड्यांत एका कामाला एक तार असे. हॉर्न वाजत नसेल तर हॉर्नची तार, दिवा लागत नसेल तर दिव्याची तार पाहायची. टेस्टिंग बल्ब लावला की प्रवाह कुठे तुटला ते कळे. ही पद्धत चुकीची नव्हती. त्या गाड्यांसाठी ती पुरेशी होती.

आलिशान गाडीत हे गणित बदलले. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ मध्ये 'कॅन' नावाची संदेशवहनाची पद्धत जगापुढे मांडली. १९९० च्या दशकाच्या आरंभी ती मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आली आणि पुढे सर्वत्र पसरली. यात इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, एअरबॅग, दरवाजे, वातानुकूलन अशा प्रत्येकाला आपापला छोटा संगणक असतो. गॅरेजमध्ये त्याला 'मॉड्यूल' किंवा 'ईसीयू' म्हणतात. ही सारी मॉड्यूल्स एकमेकांत पिळलेल्या दोन तारांवरून सतत बोलत असतात. चाकाचा वेग एबीएसचे मॉड्यूल मोजते, पण तो गिअरबॉक्सलाही लागतो, सस्पेन्शनलाही लागतो आणि स्पीडोमीटरलाही लागतो.

ही सोय जेवढी मोठी, तेवढीच तिची अडचणही. एकाने बोलणे थांबवले की बाकीचे सगळे त्याची वाट पाहतात आणि काही क्षणांत प्रत्येक जण आपल्या दाराशी दिवा लावतो. सस्पेन्शनचा दिवा लागला याचा अर्थ सस्पेन्शन बिघडले असाच होत नाही. 'मला हवी ती माहिती मिळत नाही, म्हणून मी काम थांबवले आहे', एवढेच ते कधी कधी सांगत असते.

कमी व्होल्टेजचेही असेच आहे. शेतातील मोटारीला व्होल्टेज कमी मिळाले की ती गरम होऊन जळते, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गाडीतील मॉड्यूल जळत नाही, ते तक्रार नोंदवते आणि स्वतःला बंद करून घेते. प्रत्येक मॉड्यूलची सहनशक्ती वेगळी असते. एक साडेदहा व्होल्टला हात टेकते, दुसरे साडेनऊला. म्हणून दिवे एकदम न लागता एकामागून एक लागतात आणि पाहणाऱ्याला वाटते की बिघाड पसरतो आहे. रेंज रोव्हर, एक्स-५ यांसारख्या गाड्यांत केवळ अशक्त बॅटरीमुळे गिअरबॉक्स 'फेलसेफ'मध्ये गेल्याची सूचना येते. तेवढ्यावरून गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे दमलेल्या माणसाची शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे.

पहिली तपासणी बॅटरीची

आधी बॅटरी शोधावी लागते. डिस्कव्हरी-३ मध्ये ती बॉनेटखाली एका कोपऱ्यात झाकणाआड असते. एक्स-५ मध्ये ती डिकीच्या तळाशी आहे. क्यू-७, तुआरेग, केयेन आणि दुसऱ्या पिढीच्या एमएलमध्ये ती पुढच्या आसनाखाली बसवलेली असते. डोळ्यांआड असल्याने तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, दरवाजे उघडून दिवे लागण्यापूर्वीच्या स्थितीत, बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून अधिक आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली आकडा असेल तर पुढचे कोणतेही निदान करण्यात अर्थ नाही, आधी बॅटरी चार्ज करावी. मीटर लावलेलाच ठेवून दुसऱ्याने सेल्फ मारावा. त्या दोन सेकंदांत आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी भरलेली दिसूनही आतून थकलेली असते. उभ्या गाडीत १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फला साडेआठवर कोसळते, हा प्रकार गॅरेजमध्ये नेहमीचा आहे. लोड टेस्टरवर खात्री करून घेणे उत्तम.

येथे मराठवाड्याच्या हवामानाचा विचार करावा लागतो. बॅटरी थंडीत मरते असे परदेशी पुस्तकांत वाचायला मिळते, पण तिला खरी मारते ती उष्णता. तापमान दर दहा अंशांनी वाढले की बॅटरीतील रासायनिक झीज साधारण दुप्पट वेगाने होते, असा ठोकताळा आहे. एप्रिल-मेमध्ये लातूर-नांदेडचा पारा चाळिशीपार असतो. बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी अधिक. उन्हाळ्यात आतल्या जाळ्या झिजतात, पाणी उडते आणि परिणाम दिसतो तो जून-जुलैमध्ये, जेव्हा वायपर, हेडलाइट, काच कोरडी करणारा पंखा असे सगळे एकदम चालू होते. मालक पावसाला दोष देतो, पण बॅटरी मे महिन्यातच गेलेली असते.

दुसरी चूक बॅटरी बदलताना होते. या गाड्यांना नव्वद अँपिअर-तास किंवा त्याहून मोठी बॅटरी लागते. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी लहान बॅटरी बसवली जाते, ती जागेवर घट्ट बसत नाही, टर्मिनल सैल राहते आणि खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर वीज तुटते. दिवे तेवढ्यात लागतात. नंतरच्या काळातील काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद स्कॅनरने गाडीच्या संगणकात करावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते.

अल्टरनेटर आणि अर्थिंग

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. हेडलाइट, एसी आणि पंखा पूर्ण चालू करूनही तेरा-साडेतेराच्या खाली उतरू नये. जुने लोक अल्टरनेटरला आजही डायनॅमो म्हणतात. त्याचा एखादा डायोड गेला तर मीटरवर आकडा ठीक दिसतो, पण प्रवाहात लहरी मिसळतात. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून पाहिले आणि अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला, तर संशय अल्टरनेटरवर घ्यावा. या लहरींमुळे मॉड्यूल्स भ्रमिष्टासारखी वागतात. कोणताही ठोस कोड येत नाही, रोज वेगळा दिवा लागतो.

एक जुनी सवय येथे घातक ठरते. अल्टरनेटर चालतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून बघण्याची पद्धत अनेक गॅरेजमध्ये आहे. डायनॅमोच्या जीपला ते खपून जाई. आजच्या गाडीत बॅटरी अचानक तुटली की व्होल्टेज क्षणात अनेक पटींनी उसळते आणि चांगली मॉड्यूल्स जळतात. त्याहून वाईट प्रकार रस्त्यावर घडतो. बंद पडलेल्या गाडीला मदत म्हणून ट्रकच्या बॅटरीवरून जंप दिला जातो. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, गाडीची १२ व्होल्टची. हा जंप म्हणजे एका मिनिटात काही लाखांचे नुकसान.

अर्थिंगकडे सर्वांत कमी लक्ष जाते. बॅटरीच्या ऋण टोकातून निघालेली जाड तार बॉडीला आणि इंजिनाला जिथे बोल्टने जोडलेली असते, तिथे पंधरा वर्षांत गंज चढतो. गंजलेल्या सांध्यातून थोडा प्रवाह जातो, जास्त जात नाही. म्हणून मीटरने नुसती तार तपासली तर ती 'चांगली' ठरते. खरी परीक्षा भाराखाली घ्यावी लागते. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारला आणि ०.२ व्होल्टहून बराच मोठा आकडा आला, तर अर्थिंग सदोष आहे. बोल्ट काढून, घासून, पुन्हा आवळण्याचे हे काम अर्ध्या तासाचे आहे. त्यासाठी कोणताही सुटा भाग लागत नाही. कदाचित त्यामुळेच ते कोणी सुचवत नसावे.

पाणी, उंदीर आणि काळी माती

वीजपुरवठा ठीक निघाला तर पुढचा संशय पाण्यावर. या गाड्यांना मोठे सनरूफ असते. त्याच्या चौकटीत पडणारे पावसाचे पाणी चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली सोडलेले असते. धुळीने, कडुनिंबाच्या पानांनी या नळ्या तुंबल्या की पाणी आत उतरते आणि गालिच्याखाली साचते. नेमके तिथेच वायरिंगचे सांधे, कधी बॅटरी, तर कधी एखादे मॉड्यूल असते. तुआरेग आणि केयेनचे हे जगभर ठाऊक असलेले दुखणे आहे. पुढच्या काचेखालच्या खोबणीतील पाण्याचा निचरा तुंबला तरी असेच होते. गालिचा वरून कोरडा लागतो, म्हणून हात खालपर्यंत घालून पाहावा. गाडीत कुबट वास येत असेल तर तोही पुरावाच समजावा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतल्यानंतर दिवे लागले असतील, तर सुटे भाग बदलण्याआधी दोन दिवस सांधे सुकवून पाहावेत.

शेताच्या कडेला किंवा गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर आणि खारी हे दुसरे कारण. इंजिनच्या उबेत त्यांना आसरा मिळतो आणि वायरिंग कुरतडले जाते. कॅनच्या दोनपैकी एक तार अर्धवट कुरतडलेली असेल तर गाडी सकाळी चालते आणि दुपारी रुसते.

काळ्या मातीचा वाटाही लहान नाही. पावसाळ्यात ती चाकांच्या आतल्या बाजूस थापली जाते आणि चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरभोवती ओल धरून बसते. एका चाकाचा सेन्सर बंद पडला की एबीएस जाते, त्याच्यासोबत गाडी घसरू न देणारी यंत्रणा जाते, उतार नियंत्रण जाते. डॅशबोर्डवर चार दिवे, दोष एका चाकापाशी.

ब्रेक पेडलवरचा स्विच हे याचे आणखी ठळक उदाहरण आहे. डिस्कव्हरी-३ च्या मालकांना हा स्विच चांगला परिचयाचा असतो. त्याच्यातील दोन संपर्क संगणकाला एकच बातमी दोन मार्गांनी देतात. पेडल दाबले की एक जुळतो, दुसरा सुटतो. झिजल्यावर दोघांच्या बातम्यांत मेळ राहत नाही. ब्रेक दाबला आहे की नाही याची खात्री नसलेला संगणक मग उतार नियंत्रण बंद करतो, 'स्पेशल प्रोग्राम' बंद करतो, सस्पेन्शनलाही साध्या उंचीवर आणतो. स्विचची किंमत एबीएस युनिटच्या तुलनेत नगण्य आहे. निदान साधे आहे. कोणाला तरी गाडीमागे उभे करून ब्रेक हलकेच, अर्धवट, पूर्ण असा दाबावा आणि मागचे दिवे प्रत्येक वेळी बरोबर लागतात का ते पाहावे.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

एवढे झाल्यावर स्कॅनरची पाळी येते. बहुतेक ठिकाणी तो आधी लावला जातो, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. हजार-दीड हजारांचा ब्लूटूथ डोंगल प्रामुख्याने इंजिनाच्या उत्सर्जनाशी संबंधित कोड वाचतो, कारण ओबीडी या प्रमाणपद्धतीची सक्ती त्याच हेतूने झाली. अमेरिकेत १९९६ मध्ये ती सर्वत्र लागू झाली. भारतात २०१० पासून पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा आला. एबीएस, सस्पेन्शन, एअरबॅग यांचे कोड त्या स्वस्त डोंगलला बहुधा दिसत नाहीत. त्यामुळे डॅशबोर्ड दिव्यांनी भरलेला असताना मोबाइल मात्र 'एकही दोष नाही' असे सांगतो.

त्या त्या कंपनीची सर्व मॉड्यूल्स वाचणारा स्कॅनर हवा. लँड रोव्हरच्या बाबतीत तर गाडीचे साल आधी विचारावे लागते. ही कंपनी १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूकडे, २००० मध्ये फोर्डकडे आणि २००८ मध्ये टाटांकडे गेली. २००२ साली आलेली रेंज रोव्हर बीएमडब्ल्यूच्या काळात घडली. तिची सुरुवातीची इंजिने बीएमडब्ल्यूची आणि विजेचे जाळेही त्याच घराण्याचे. २००६ च्या मॉडेलपासून पेट्रोल इंजिने जग्वारची आली, पण बॉडीच्या विजेत जुन्या घराण्याच्या खुणा राहिल्याच. एकच नाव, एकच आकार, पण निदानाचे साधन वेगळे. ही वंशावळ ज्या मिस्त्रीला ठाऊक नाही त्याचा स्कॅनर अर्ध्या मॉड्यूल्सशी बोलूच शकत नाही, आणि मग ती मॉड्यूल्स 'मेली' असा निष्कर्ष निघतो.

कोड वाचण्याचीही रीत आहे. पहिले अक्षर 'पी' असेल तर दोष इंजिन-गिअरबॉक्सचा, 'सी' म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनचा, 'बी' म्हणजे बॉडीचा आणि 'यू' म्हणजे संदेशवहनाचा. यादीत 'यू' कोडचा भरणा असेल तर सुटे भाग मागवणे तिथेच थांबवावे. 'पी ०५६२' हा कोड तर सरळ व्होल्टेज कमी असल्याचेच सांगतो, पण तीस कोडांच्या गर्दीत तो नजरेतून सुटतो. सर्व मॉड्यूल्सच्या तक्रारी शेजारी शेजारी मांडाव्यात. ज्याच्याशी संपर्क तुटल्याची तक्रार बाकीचे सगळे करतात, पण जे स्वतः स्कॅनरला उत्तरच देत नाही, त्या मॉड्यूलचा फ्यूज, वीज आणि अर्थिंग आधी पाहायचे. मॉड्यूल शेवटी.

कॅनच्या तारांची प्राथमिक तपासणी मल्टिमीटरने होते. बॅटरी सोडवून, ओबीडी सॉकेटच्या सहा आणि चौदा क्रमांकाच्या पिनांमधील रोध मोजावा. जाळ्याच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून निरोगी जाळ्यात ६० ओहम दिसतात. १२० दिसले तर एक टोक तुटले आहे. शून्याच्या जवळ दिसले तर दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. ज्या गाड्यांत सॉकेट आणि आतले जाळे यांच्यामध्ये 'गेटवे' मॉड्यूल असते, तिथे मात्र सॉकेटवरचा आकडा आतली खरी स्थिती सांगत नाही, गेटवेपाशी जाऊन मोजावे लागते. आणि या तारांवर टेस्टिंग बल्ब लावू नये. जीपच्या तारेला तो बल्ब काही करत नसे. इथे तो मॉड्यूलमधून पेलवणार नाही एवढा प्रवाह खेचू शकतो.

कोड पुसण्याआधी संपूर्ण यादी छापून किंवा फोटो काढून ठेवावी. मग पुसून, गाडी चालवून, सर्वांत आधी कोणता कोड परत येतो ते पाहावे. तीसपैकी दोनच परत आले, तर बाकीचे अठ्ठावीस जुन्या अशक्त बॅटरीच्या आठवणी होत्या असे समजायला हरकत नाही.

बॅटरी नवी असूनही दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर गाडी कुलूपबंद केल्यानंतरचा प्रवाह मोजावा लागतो. या गाड्यांची मॉड्यूल्स 'झोपायला' वीस ते चाळीस मिनिटे घेतात. त्यानंतर साधारण ५० मिलिअँपिअरहून कमी प्रवाह वाहायला हवा. तो जास्त असेल तर नंतर बसवलेल्या वस्तूंपासून सुरुवात करावी. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, मागचा कॅमेरा, जीपीएस ट्रॅकर, बंपरवरची एलईडी पट्टी यांच्यासाठी मूळ वायरिंग सोलून जोड दिलेले असतात. फ्यूज उपसत बसू नये, त्याने मॉड्यूल्स पुन्हा जागी होतात. फ्यूजच्या दोन टोकांवरील मिलिव्होल्ट मोजले तरी प्रवाह कुठून वाहतो ते कळते.

दिवा लाल असेल तर

पिवळे दिवे लागले असताना, ब्रेक आणि स्टिअरिंग नेहमीसारखे वाटत असतील तर सावकाश पुढच्या गावापर्यंत जाता येते. इंजिन मात्र वाटेत बंद करू नये, कारण पुन्हा सेल्फ लागेलच असे नाही. एसी आणि म्युझिक बंद करून हेडलाइटसाठी वीज राखावी. लाल दिव्याचा नियम वेगळा. ऑइल, तापमान किंवा ब्रेकचा लाल दिवा म्हणजे गाडी बाजूला घेऊन थांबणे. बॅटरीच्या लाल दिव्याबरोबर तापमानाचा काटा चढू लागला तर बेल्ट तुटलेला असण्याची शक्यता आहे. अनेक इंजिनांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. पुढे रेटल्यास बेल्टच्या किमतीवर भागणारे काम इंजिनावर जाते.

जुनी गाडी घेणाऱ्यानेही हे दिवे वाचायला शिकावे. चावी फिरवल्याबरोबर एबीएस, एअरबॅग आणि इंजिन यांचे दिवे काही सेकंद लागून विझले पाहिजेत. जो दिवा मुळी लागतच नाही त्याचा बल्ब काढलेला किंवा झाकलेला असू शकतो. स्कॅनरवर इंजिनाच्या स्वयंतपासण्या 'अपूर्ण' दिसत असतील तर विक्रीच्या आदल्या दिवशीच कोड पुसले गेले असावेत. २६ जुलै २००५ ला मुंबईत, डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत महापूर आला. अशा पुरात बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांमार्फत लिलावात निघतात आणि धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जातात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या टोकावर गाळाची रेघ आहे का, आसनाखालचे बोल्ट गंजलेले आहेत का, एखाद्या सांध्याच्या पिनांवर हिरवट थर आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. अशा गाडीत मात्र 'दोष एकच' हा ठोकताळा लागू पडत नाही. तिथे सांधे महिनोन्महिने एकामागून एक सडत जातात.

आणि खरोखरच पुण्याला किंवा हैदराबादला पाठवण्याची वेळ आली, तर ती चारही चाके वर घेणाऱ्या सपाट ट्रकवरूनच न्यावी. चारही चाकांना कायम शक्ती देणाऱ्या या गाड्या दोन चाके उचलून ओढल्यास ट्रान्सफर केस खराब होऊ शकते. विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक अडकला असेल तर डिस्कव्हरी-३ मध्ये तो हाताने सोडवण्याची तार मधल्या कन्सोलखाली दिलेली आहे. ती कशी ओढायची हे मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ट्रकसोबत पहिल्या दिवशी काढलेले कोडचे फोटो, बॅटरीचे आकडे आणि दिवे कोणत्या क्रमाने लागले त्याची चिठ्ठीही पाठवावी. वाटेत बॅटरी सोडवली गेली तर गाडीतील काही नोंदी पुसल्या जातात आणि केंद्रातील तंत्रज्ञाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, तीही तासाच्या दराने.